अस्वलीचं दूध

स्वतःचं दूध सिंकमध्ये ओतून देणारी बाई कौतिकबाईंनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. पाहिली ती स्वतःचीच सून.

"पोरगं आत कोकलतंय आणि तू दूध मोरीत घालतेस? आमच्याकडं काढलेलं दूध पायदळी जाऊ देत नाहीत. झाडाच्या मुळाशी घालतात."

त्यांनी रेणूच्या हातातली वाटी ओढली आणि खिडकीतल्या कढीलिंबाच्या कुंडीकडे निघाल्या.

"आई, तिथे नको. त्याची पानं आपण खातो."

कौतिकबाई थांबल्या. असलं बोलणं त्यांनी ऐकलं नव्हतं.

मग रेणूनं सांगितलं. बाळंतपणाची रजा संपवून ती लॅबला गेली, तर पहिलंच सॅम्पल आर्क्टिकच्या पांढऱ्या अस्वलीचं आणि तिच्या पिल्लाचं. दोघांच्या रक्तात नॉनस्टिक तव्याला लावतात ते केमिकल. ते कुजत नाही, विरत नाही, आईच्या दुधातून पिल्लात उतरतं.

"अस्वलीनं काय चकचकीत तवा घेतला होता?"

"आपण घेतला. तवा, डाग पडू नयेत म्हणून कार्पेटवर मारायचा तो स्प्रे, ते बनवणारे कारखाने. सगळं वाहत तिथवर जातं. माझ्या अंगातही असणारच."

"डॉक्टरीण काय म्हणते?"

"पाजत राहा म्हणते. फायदा जास्त आहे म्हणे. मलाही ते कळतं, आई. पण याला जवळ घेतलं की ते पिल्लू दिसतं."

कौतिकबाई खुर्चीवर टेकल्या. "बहात्तरच्या दुष्काळात तुझा नवरा माझ्या अंगावर पीत होता. रेशनवर तुमच्या ह्याच परदेशातनं लाल मिलो ज्वारी यायची. इथं म्हणे ती गुरांना घालतात. ती खाऊन पाजला त्याला. दुधातून काय उतरलं, कुणी बघितलं नाही. आज ऑफिसात बसून कंप्युटर बडवतोय."

आत पोराचा आवाज बसत चालला होता. रेणूचा कुर्ता छातीवर ओला झाला.

कौतिकबाईंनी नातू आणून तिच्या मांडीवर ठेवला आणि तिच्या पाठीमागे उशी खोचली. रेणूनं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, मग जवळ घेतलं. तो हिसके देत पिऊ लागला. घर शांत झालं.

"थँक यू, आई," रेणू डोळे पुसत म्हणाली.

"माझे कसले आभार? त्या अस्वलीचे मान. तिनं रक्त दिलं म्हणून आपल्याला कळलं. मघाशी वाटलं, माझ्या सिद्धेशनं वेडी गळ्यात बांधून घेतली. वेडी नाहीस तू. परक्या लेकराला जीव लावणारी सून मिळाली, हे माझं नशीब. आता याचं पोट भरलं की ऊठ, आणि कामावर जा. त्या अस्वलीला काही लॅबला जाता येत नाही."