डब्यातले देव

"तो बिस्किटांचा डबा ना? सकाळीच निळ्या गाडीत दिला," पत्नी सुलभाने सहज सांगितले, आणि निवृत्तीच्या पायांखालची जमीन सरकली. रंगकामासाठी देव्हारा रिकामा करताना त्याने खंडोबाचा चांदीचा टाक त्याच डब्यात ठेवला होता. मात्र घरात कोणास सांगण्याचे भान त्यास राहिले नव्हते. नगरपालिकेने सुक्या कचऱ्यासाठी नुकतीच ही वेगळी गाडी सुरू केली होती. सायंकाळी आई दिवा लावावयास बसेल, तेव्हा तिला काय तोंड दाखवावे? त्याने तडक सायकल काढली.

कचरा निवडण्याच्या शेडमध्ये बायका पुठ्ठे नि बाटल्या वेगळ्या करीत होत्या.

"मावशी, पत्र्याच्या डब्यात आमचे देव..." त्याने धापा टाकीत विचारले.

"तुमचे होय?" त्यांतल्या कौसल्यामावशींनी कोपऱ्याकडे बोट दाखविले. "सकाळपासून बसलेत पाहुण्यासारखे."

पालथ्या क्रेटवर स्वच्छ रुमाल अंथरला होता. त्यावर टाक, पुढ्यात गुळाचा खडा आणि विझत आलेली उदबत्ती.

"ओल्यात टाकावेत तर ओले नाहीत, सुक्यात टाकायला हात होईना," मावशी म्हणाल्या. "मग म्हटलं, बसा इथंच, येईल कोणीतरी न्यायला."

निवृत्तीने चपला काढल्या व हात जोडून तो पुढे सरसावला.

"अहो दादा, चपला घाला आधी," मावशींनी दटावले. "खाली काचा आहेत. देवाला चालतंय."

निवृत्तीने चपला घातल्या, आणि त्या दिवशी प्रथमच त्यास हसू फुटले.