सहा अंश

“चुका काढणाऱ्या लय पाह्यल्या,” सत्यवतीकाकू म्हणाल्या, “चुका भरणारी तुलेच पाहून राह्यली.”

नीलम हसली. अकोल्यातल्या तिच्या खोलीत खुर्ची एकच. ती काकूंना देऊन ती उभ्यानेच कॉम्प्युटरवर विमानाचं नकली उड्डाण चालवत होती. काकू सकाळच्या एसटीने अमरावतीहून आल्या होत्या. त्यांच्या सुगतला, नीलमच्या वर्गमित्राला, जाऊन चौदा महिने झाले होते. परवा सुनावणी. अपघाताच्या अहवालात कारण एका ओळीत होतं : शिकाऊ वैमानिकाची चूक.

“कुलूप लावलं का तीनदा वढून पाहे तो,” काकू म्हणाल्या. “अन् अहवाल म्हंते त्याची चूक!”

“म्हणूनच बलावलं तुमाले. ढगात बाहेरचं काही दिसत नाही, काकू. खाली रेडिओचा टॉवर राह्यते. तो वाट सांगते, विमानातला काटा दाखवते, चालवणारा तिकडे जाते. पण टॉवरच्या लहरी डोंगरावर आपटून परततात, अन् काटा फसते. किती फसते, ते त्या दिवसाच्या नोंदीवरून काढून याच्यात भरलं मी. सहा अंश.”

तिने बटण दाबलं. पडद्यावर इवलंसं विमान निघालं. काट्याने दाखवलेली वाट त्याने जराही सोडली नाही. न सोडताच ते डोंगरात शिरलं.

“पाह्यलं? अपघाताची जागाई तीच. त्याची चूक नव्हती, काकू.”

काकूंनी मान हलवली. हेच ऐकायला त्या आल्या होत्या. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, घातला, परत काढला.

“हे सहा काढता येते का?”

“येते. पण सुनावणीत त्याचा काही उपयोग...”

“काढ.”

नीलमने सहाच्या जागी शून्य लिहिलं. विमान पुन्हा निघालं. तोच ढग, तोच काटा. या वेळी डोंगर बाजूला राहिला. धावपट्टी आली. चाकं टेकली. विमान हळू होत होत थांबलं.

नीलमचा हात सवयीने पडदा बंद करायला पुढे गेला.

काकूंनी तो धरला.

“थांब, माय. आत्ताच त उतरला तो.”