अर्पणपत्रिकेचे पान

साडेनऊला तिने टेबलावरची कालची खोडरबराची भुकटी झाडली, दोन निळ्या पेन्सिलींना टोक काढले, ओळीखाली धरायची लाकडी पट्टी उजवीकडे ठेवली आणि चष्मा रुमालाने पुसला. छापखान्याच्या या वरच्या खोलीत मुद्रिते तपासायला लागून तिला अकरा वर्षे झाली होती. प्रत्येक पान ती दोनदा वाचत असे. एकदा सरळ, आणि एकदा शेवटच्या शब्दाकडून पहिल्याकडे. उलटे वाचले की अर्थ मध्ये येत नाही, चुका तेवढ्या दिसतात. दुरुस्ती मात्र तिने करायची नसे. तिने समासात शंका काढायची आणि लेखकाने शेजारी स्वतःच्या हाताने उत्तर लिहून सही करायची. शंकेला उत्तर नाही तोवर पान यंत्रावर चढत नाही, हा मालकांच्या वडिलांपासूनचा नियम होता.

समोर मुखपृष्ठे करणारा तरुण बसे. सगळे त्याला 'वंशावळ' म्हणत. इथेच छापल्या जाणाऱ्या सात खंडांच्या अद्भुत कादंबरीतल्या पोरक्या नावाड्याचा बाप कोण, या एका प्रश्नापायी त्याने पाठीमागची भिंत कागदांनी भरून टाकली होती. वाचकांच्या पत्रांतले तर्क तिथे बाणांनी एकमेकांना जोडलेले होते. कोणी म्हणे सेनापती, कोणी म्हणे मांत्रिक.

"काखेत कळसा नि गावाला वळसा," तो आल्या आल्या म्हणाला. "अहो ताई, तिसऱ्या खंडात नावाड्याची डावी करंगळी सरळ होत नाही. पहिल्या खंडात राजाचा हातमोजा वाळत घातलाय, त्याची करंगळी शिवतानाच वाकडी शिवलेली. एका वाक्यात येऊन जातं. राजाच बाप! आता काय जन्मदाखला पाहिजे लोकांना?"

"राजाकडून मिळायचा नाही तो," ती म्हणाली.

सातवा, शेवटचा खंड खाली छापायला तयार होता. हस्तलिखित कुलपात असे. या खोलीत ते तिने एकटीने वाचले होते. फक्त अर्पणपत्रिका यायची राहिली होती. अकराच्या सुमारास तो कागद घेऊन लेखक स्वतःच आले. वंशावळ खुर्ची मागे सारून उभा राहिला.

"सर, एकच सांगा. नावाड्याची करंगळी, राजाचा हातमोजा... राजाच ना?"

लेखक हसले. "पंधरा दिवसांत येतंय की पुस्तक. पण तुमची नजर म्हणजे घारीची हो! मी एक करंगळी काय वाकवली, पोतंभर पत्रं आली."

"ती करंगळी सुचली कुठून, सर?"

"कल्पना. दुसरं काय?" डावा हात त्यांनी आल्यापासून कोटाच्या खिशातच ठेवला होता. मग ते तिच्याकडे वळले. "बाई, दोनच ओळी आहेत. फार शोधत बसू नका."

"बरं, सर."

अकरा वर्षे ते तिला बाईच म्हणत आले होते. तिच्या नोकरीसाठी मालकांना दिलेल्या चिठ्ठीत त्यांनी लिहिले होते, 'ओळखीतली मुलगी आहे. अक्षर चांगले आहे.' ती चिठ्ठी आईने आणली होती. त्याच्याही पुष्कळ आधी, ती तेरा वर्षांची असताना, आईने एका पुस्तकाच्या मागचे छायाचित्र दाखवून सांगितले होते, "हे तुझे वडील. पुन्हा विचारायचं नाही." तिने विचारले नव्हते.

लेखक गेले. अर्ध्या तासाने खालून मुद्रित आले.

'माझ्या दोन्ही मुलांस, ज्यांच्यामुळे बाप होणे म्हणजे काय ते मला कळले.'

तिने ते सरळ वाचले. मग पट्टी धरून उलटे वाचले. या वेळी उलट्या वाचनातही अर्थ मध्ये आला.

"ताई, शेवट तुम्ही वाचलाय," वंशावळ टेबलावर ओणवून म्हणाला. "नाव नका सांगू. एवढंच सांगा, बाप पोराला जवळ करतो की नाही?"

भरल्या दरबारात राजा सिंहासनावरून उतरतो, हातमोजा काढतो आणि नावाड्याचा हात हातात घेतो. चौदा पाने. त्या चौदा पानांत तिने तीन शंका काढल्या होत्या, तिन्ही विरामचिन्हांच्या.

"करतो."

"सगळ्यांदेखत?"

"सगळ्यांदेखत."

"वाटलंच मला! खुणा डोळ्यांसमोर असतात हो, ताई. बघणारा पाहिजे." तो समाधानाने आपल्या भिंतीकडे वळला.

तिने डाव्या हाताने कागद दाबून धरला. चार बोटे कागदावर टेकली. वाकडी करंगळी नेहमीप्रमाणे वर राहिली. मग तिने 'दोन्ही' या शब्दाखाली निळी रेघ ओढली, समासात प्रश्नचिन्ह काढले आणि त्यापुढे आपल्या चांगल्या अक्षरात लिहिले: 'संख्या तपासावी.' शाई नव्हती, तरी तिने क्षणभर फुंकर घातली. पान पाकिटात घालून तिने शिपाईमामांना हाक मारली.

"मामा, हे सरांच्या घरी."

"सर नसले तर?"

"जे असतील त्यांच्याकडे द्या."

मामा जिना उतरले. थोड्या वेळाने खालून यंत्रावरच्या माणसाने ओरडून विचारले, "बाई, शेवटचं राहिलेलं पान सोडताय ना? सगळे खोळंबलेत!"

"शंका निघालीय," ती जिन्याच्या तोंडाशी येऊन म्हणाली. "सहीचं उत्तर येईपर्यंत थांबावं लागेल."

खाली यंत्र बंद झाले.