टॉनिकची बाटली

आमच्या नागासाकीत चिनी खानावळीतून सारा-उदोन मागवलं, की कुरकुरीत नूडल्सच्या भल्यामोठ्या थाळ्याबरोबर सॉस येतो, तोही टॉनिकच्या रिकाम्या बाटलीत भरून. मी मूळची टोकियोची, मला काय माहीत? लग्नानंतर पहिल्यांदा ती बाटली समोर आली, तेव्हा टॉनिक समजून मी सगळा सॉस एका दमात पिऊन टाकला होता.

झालं! तेव्हापासून घरी कुणीही आलं, की सासरेबुवांना तो किस्सा सांगितल्याशिवाय घास गिळवत नाही.

काल शेजारचे माएगावा काका-काकू जेवायला आले. सासरेबुवांची कंबर धरली होती, म्हणून मी दुकानातून टॉनिक आणून, झाकण उघडून त्यांच्यासमोर ठेवलं. तेवढ्यात खानावळीतून थाळा आला आणि सासरेबुवांना चेव चढला.

"अहो वहिनी, आमच्या सायोकोनं सॉस गटागटा प्यायला! वर मला म्हणते कशी, 'बाबा, चव जरा उग्र आहे, पण तरतरी आली!'"

काकू हसून हसून बेजार. सासरेबुवांनी त्यांच्याकडे बघतच समोरची बाटली उचलली आणि थाळाभर सढळ हातानं रिकामी केली.

"टोकियोच्या माणसांना सॉस कुठला नि टॉनिक कुठलं, एवढंही कळत नाही हो!"

इतक्यात दारावरची बेल वाजली.



खानावळीचा मालक धापा टाकत उभा होता. "माफ करा हं, सॉसची बाटली गाडीवरच राहिली!"