तयारी न केलेलं भाषण

रिठदच्या गुलाबरावांना एका शेती-चॅनलवर वांग्यांबद्दल दोन मिनिटं लाइव्ह बोलायचं होतं, तेही अजिबात तयारी न करता. म्हणून त्यांनी आठ दिवस तयारी केली. बायको पंचफुला वांगी तोडायची आणि हे तिच्यामागं फिरत वांग्यांना भाषण ऐकवायचे. सुचत नसल्यासारखं कुठं खोकायचं, तेसुद्धा ठरलेलं. "आमच्या मंडळीले यातलं काई समजत नाई," या वाक्यावर तर ते स्वतःच खूश होते.

कॅमेरा सुरू झाला आणि गुलाबरावांची दातखीळच बसली. चॅनलवाल्या ताईनं घाईघाईनं माइक पंचफुलापुढं धरला. तिनं अख्खं भाषण घडाघडा म्हटलं, ठरलेल्या जागी खोकलीसुद्धा.

बदल फक्त एकच केला.

"आमच्या मालकाले यातलं काई समजत नाई."