वीतभर लांब

वडील गेल्यावर ट्रंकेत सापडलेली नेमबाजीची लष्करी पुस्तिका लेकीने असली पुस्तकं जपणाऱ्या संग्राहकापुढे ठेवली. “नेम चुकतो म्हणून फौजेने बाबांना घरी पाठवलं. आई जन्मभर ‘आंधळा शिपाई’ म्हणायची. खरंच इतके कच्चे होते का हो, काका?” काकांनी पुस्तक हुंगून पानं अलगद उलटली. मधून सरावाची दोन कागदी निशाणं निघाली, एकाच दिवसाची. गोल निशाणावर पाचही गोळ्या मधोमध. दुसऱ्यावर माणसाची आकृती. पाचही भोकं कानापासून वीतभर लांब. “चुकलेच की!” लेक खट्टू झाली. काकांनी भोकांवर नाणं ठेवलं. पाचही झाकली गेली. “कच्च्याच्या गोळ्या पांगतात, पोरी. इतकं नेमकं चुकायला हात पक्का लागतो.” लेकीने आईला फोन लावून सगळं सांगितलं. आई म्हणाली, “तरीच! घरात पाल निघाली की झाडू माझ्या हाती द्यायचे.”