भिकूमामा सायकलवाले चौक

"मामी, दोरी ओढा," नगरसेवक म्हणाले आणि फोटोवाला पुढे सरकला. हे जाऊन वर्ष झालं, म्हणून चौकाला ह्यांचं नाव द्यायचा कार्यक्रम होता. पाटी उभी केली होती ती नेमकी आमच्या सायकलच्या दुकानाच्या जागेवर. तिथे ह्यांनी हवेचा पंप साखळीने बांधून ठेवलेला असे, येणाऱ्याजाणाऱ्याने फुकट हवा भरून घ्यावी म्हणून.

भाषणात नगरसेवक म्हणाले, "मामा सीट धरून मागे पळायचे, म्हणून मला सायकल आली." खोटं नव्हतं ते. अख्खी गल्ली ह्यांच्याच भाड्याच्या सायकलींवर शिकली, आणि नगरसेवकांचा फुटलेला गुडघा मीच हळद लावून बांधला होता.

पण रस्तारुंदीत दुकान पाडायचं ठरलं, तेव्हा हे त्यांच्या दारात सकाळपासून उभे होते. "साहेब पूजेला बसलेत," असं आतून संध्याकाळपर्यंत सांगत राहिले. दुसऱ्या दिवशी बुलडोझर आला तेव्हा साहेब स्वतः हजर होते, पाडापाडी नीट होतेय ना बघायला. ह्यांनी तेवढा पंप उचलून आणला आणि अंथरूण धरलं. घराबाहेर पडले ते चौघांच्या खांद्यावरूनच.

मी दोरी ओढली. 'भिकूमामा सायकलवाले चौक'. टाळ्या वाजल्या. नगरसेवक माझ्या पाया पडले आणि माईक माझ्या हातात देत म्हणाले, "मामी, दोन शब्द बोला."

"पाटी जरा मागे घे रे बाळा," मी म्हटलं. "रस्त्यात येतेय. पाडतील."